शिपायासाठी एक कायदा, खासदारासाठी दुसरा: कायदामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री, नवी दिल्ली यांस,
सविनय नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी आहे. पीकविम्यासाठी केलेल्या रास्ता रोकोत माझा मुलगा माझ्यासोबत होता आणि जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आम्हा दोघांवर दाखल झाला. आता पोलीस भरतीत त्याची निवड झाली, तर मागच्या आठवड्यात चारित्र्य पडताळणीत तोच प्रलंबित खटला आडवा आला. फिर्यादीत ज्या पुढाऱ्याचे नाव पहिले होते, ते दोषारोपपत्रात उतरलेच नाही. ते हल्ली दिल्लीत असतात. मुलगा घरात कोणाशी बोलत नाही, आणि रस्त्यावर बसायला तुम्हाला कोणी सांगितले होते, असे त्याची आई मला रोज विचारते.

शिपायाला जो खटला चालत नाही, तो कायदे करणाऱ्याला कसा चालतो? २०२४ साली निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी गुन्हे असल्याचे प्रतिज्ञापत्रात स्वतःच लिहून दिले आहे, म्हणजे जवळजवळ अर्धे सभागृह. बहुतेक गुन्ह्यांत किमान दोन वर्षांची शिक्षा लागल्याखेरीज त्यांचे पद जात नाही. गंभीर आरोप असलेल्यांना मंत्री करावे की नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पंतप्रधानांच्या विवेकावर सोडले. आमच्या वाट्याचा विवेक कोणत्या कार्यालयात मिळतो, तेवढे कृपया कळवावे.

आणि हे आजचे नाही. १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली, तेव्हा संसदेने निवडणूक कायदाच मागील तारखेपासून बदलला आणि त्या सुटल्या. पक्ष बदलले, सोय तीच राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या सरकारने तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याला, अगदी पंतप्रधानांनाही, पदावरून दूर करणारे १३०वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले. परंतु ज्यांच्या हाताखाली तपास यंत्रणा आहेत, त्यांना अटक कोण करणार, साहेब?

आरोपनिश्चितीनंतर खासदार-आमदारांचे खटले एका वर्षात संपवावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१४ चा आदेश आहे. त्याप्रमाणे किती खटले मुदतीत संपले, याची नावनिशीवार यादी आपण संसदेत ठेवावी, आणि ज्यांचे संपले नाहीत त्यांच्याही चारित्र्य पडताळणीवर माझ्या मुलाच्या कागदावर मारला तोच शेरा मारावा.

आपला,
एक आरोपी शेतकरी, जि. परभणी