शालूवहिनीच्या कागदाविषयी

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

शालूवहिनीच्या जमिनीच्या कागदांवरून रविवारी फोनवर आपलं जे झालं ते तसंच राहायला नको, म्हणून लिहायला बसले. फोनवर तुझ्या मागे गाड्यांचे आवाज असतात, मला निम्मं ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की माझा आवाज चढतो. लिहिलं की शांतपणे सांगता येतं. उपदेश करायचा नाही असं ठरवलंय. बघू किती जमतं ते.

दादांना जाऊन अजून महिना झाला नाही. दहाव्याला पिंड ठेवून माणसं नदीवरून परतत होती, तेवढ्यात शालूवहिनीला तुमच्या जमीन-खरेदीच्या ऑफिसातल्या एका मुलाचा फोन आला. फार गोड बोलला म्हणाली. आधी सांत्वन केलं, मग विचारलं, कातळावरच्या जमिनीचं काही ठरवलंय का. पुढच्या आठवड्यात कागद आले. तिला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून ती ते माझ्याकडे घेऊन आली. वर कुलमुखत्यारपत्राचा मसुदा, खाली विसार पावती, म्हणजे आगाऊ रकमेची, आणि पावतीवर रकमेची जागा कोरी. मोजणी, फेरफार, साठेकरार, खरेदीखत, कोर्टात दावा लावणे, सगळे अधिकार लिहून घेतलेले, आणि एका ओळीत ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द, म्हणजे एकदा दिलं की मागे घेता येत नाही. संपर्कासाठी तुझं नाव. मी वाचता वाचता तिथे थांबले, तर ती म्हणाली, "अमेयने पाठवलेत होय? मग करते की सही."

अमेय, त्या वाक्यानंतर मला झोप लागलेली नाही.

तू म्हणालास, सगळं कायदेशीर आहे. असेल. मी दस्त नोंदवणाऱ्या निबंधक कार्यालयात नोकरी केली, कायदेशीर म्हणजे काय ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलंय. दस्त पुढे आला की साहेब मालकी तपासत नाहीत, भाव रास्त आहे का ते बघत नाहीत. मुद्रांक भरलाय, ओळखदार आलेत, आणि एकच प्रश्न: दस्त लिहून दिल्याचं कबूल आहे का? समोरचा ‘हो’ म्हणाला की अंगठा, फोटो, शिक्का. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं काम तेवढंच. त्या ‘हो’च्या आधी त्या माणसाला कोणी काय सांगितलं, ते कुठल्याच रजिस्टरात येत नाही. बहिणींना हक्कसोडपत्रासाठी जीपमधून घेऊन यायचे. रस्त्यात मिसळ खायला घालायचे, नव्या साड्या द्यायचे. साहेबांनी विचारलं की थोरली आधी भावाच्या तोंडाकडे बघायची आणि मग हो म्हणायची. ती मान वळवणं मी इतक्या वेळा पाहिलंय की आजही बसमध्ये एखाद्या बाईने तसं नवऱ्याकडे पाहिलं की मला ओळखू येतं.

पुन्हा भरकटले. तुझ्या कामाबद्दल बोलायचं होतं.

दिवाळीत तू ओटीवर बसून सांगत होतास, वारसाच्या जमिनी शोधता कशा. सरकारच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या, नोटिशा लागतात, त्यातल्या वारसाच्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या. मग वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातम्या लावून बघायच्या, कोण मुंबईला, कोण पुण्याला, कोणाला पैशाची नड आहे. तू सांगत होतास आणि मला भरून येत होतं. सातबारा वाचायला तुला मीच शिकवलं, दहावीच्या सुट्टीत. सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकं. आणि आज माझा मुलगा चार पिढ्यांचे फेरफार उलगडून सांगतोय, ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून एका भावाचं नाव लागलं म्हणजे तो एकटा मालक नव्हे, हे वकिलांच्या आधी ओळखतोय. बाबा असते तर त्यांनी चारचौघांत सांगितलं असतं. पण तू आत झोपायला गेल्यावर मला वाटलं, ती नोटीस पंधरा दिवसांत हरकत घ्यायला लावतात, घरच्यांसाठी. ती वाचून परक्याने दारात यावं, यासाठी लावत नाहीत.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं आहेत. निम्मी मेलेली, उरलेली एकमेकांना ओळखत नाहीत. कलमांच्या बागांत रान माजलंय, गडगे ढासळलेत, हायवेच्या मोबदल्याचे पैसे वाटपाच्या भांडणात अडकून पडलेत. अशा लोकांना कोणी एकत्र बसवून, हिस्से समजावून, व्यवहार पार पाडून दिला तर ते पुण्याचंच काम आहे, आणि त्याचे पैसे घ्यावेत. कर्जात बुडालेला वारस विकून मोकळा झाला तर त्याला कोण नावं ठेवणार? तू हे काम करावंस. चांगलं करशील. मला फक्त एवढंच विचारायचंय की शालूवहिनीला तिचा हिस्सा किती हे कोणी सांगितलं?

कारण दादांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. म्हणजे ती आणि तिची तिन्ही मुलं, परेश, नंदा आणि छाया, दादांचं जे काही होतं त्यात चौघांचा सारखा वाटा. १९५६ पासून असंच आहे. वडिलोपार्जित जमिनीतलं मुलींचं स्थान महाराष्ट्रात १९९४ ला आलं, ते लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ ला केंद्राच्या कायद्याने ती अट गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की २००५ ला वडील हयात असोत-नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा. तुला हे पाठ आहे. नंदाला माहीत नाही. छायाला तर नाहीच. आपल्याकडे अजून बहिणींची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, न घालता इतर हक्कात टाकलेले जुने उतारे आहेत, आणि तेवढ्यावर भागवून घेणारे खरेदीदार आहेत.

वहिनी म्हणते, परेशने त्याचा हिस्सा तुम्हाला द्यायचं कबूल केलंय. डोंबिवलीच्या घराचे हप्ते थकलेत त्याचे. मग एक सांग, हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ तिला कोणी सांगितलं का? एका वारसाने हिस्सा विकायला काढला तर तो घ्यायचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा. शेतजमिनीलाही ते लागू आहे, २०१९ ला निकाल झालाय. आणि तुमच्या यादीत घराखालचा हिस्सा नंबरही आहे, मी नीट पाहिलं. राहत्या घरातला एकाचा हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी त्याला घरात येऊन बसता येत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावला तर घरच्यांना तो हिस्सा विकत घेऊन त्याला बाहेर ठेवता येतं. विकत घेण्याचा हा हक्क १८९३ च्या कायद्यातला. इंग्रजांनासुद्धा कळलं होतं की चुलीशी परका नको. असे एकाचे हिस्से स्वस्तात घेऊन, दावा लावून, बाकीच्यांना दमवून विकायला लावणारे लोक आमच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात रोज असत. त्यांच्यातही कोणी वाईट बोलत नसे. सगळे काकू, मावशी म्हणूनच बोलत.

हे मी तुझ्याबद्दल म्हणत नाही. खरंच नाही. पण लिहून झालं, आता खोडत नाही.

सईच्या माहेरी गोव्यात बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. तिच्या आईने मला हे लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं, मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती तू फोनवर टाळलीस. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मग तुमच्या ऑफिसात खरेदी कोणाच्या नावाने होते? तुझा शेतकरी दाखला आपल्या सातबाऱ्यावर निघतो, आजोबांच्या कलमांवर. त्या दाखल्यावर शालूवहिनीची जमीन आधी तुझ्या नावावर येणार असेल आणि मग पुढे जाणार असेल, तर ते मला तुझ्याकडून कळू दे. गावातून कळायला नको.

आजोबा गेले तेव्हा बाबांना सगळ्यांनी सांगितलं होतं, ताईकडून हक्कसोड करून घे, ती काही येऊन शेती करणार नाही. बाबांनी मसुदा केला आणि तो घेऊन आपण तिघं देवरुखला गेलो. तू पाच-सहा वर्षांचा असशील. साखरप्याच्या वळणावर उलटी केलीस आणि नंतर सगळा रस्ता माझ्या मांडीवर झोपलास. आत्याने स्टोव्हवर चहा ठेवला. बाबांनी तिला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, मग म्हणाले, तुझा हिस्सा इतका आहे, त्याची आज किंमत एवढी होते, हे सोडायचं की नाही ते तू ठरव, मी पुन्हा येईन. मला राग आला होता, कशाला किंमत सांगायची, ती मागेल. आत्याने काही दिवसांनी पत्र पाठवलं: भातजमीन सोडते, पण विहिरीजवळची कलमं माझ्या नावावर राहू दे, ती आईने लावलेली आहेत. तिला तेवढंच हवं होतं. वेळ मिळाला म्हणून तिला ते आठवलं. आज ती कलमं तिच्या नातवाच्या नावावर आहेत आणि मेमध्ये त्याची गाडी येते तेव्हा तू त्याच्याबरोबर विहिरीवर जाऊन बसतोस.

म्हणून मला वाटतं, शालूवहिनीलाही काहीतरी ठेवायचं असेल. कदाचित काहीच नसेल, ती सगळं विकून नंदाकडे जाईल, गुडघे दुखतात तिचे. पण दहाव्याच्या दिवशी तिला ते कसं कळणार? त्या घरात अजून दादांचा सदरा दोरीवर आहे.

तुझ्यावर ऑफिसचा दबाव असेल, महिन्याचा आकडा गाठायचा असेल, हे मला समजतं. घराचा हप्ता आहे, बाळाचं येणं आहे. तू पैसे कमी पडलेत असं कधी सांगणार नाहीस, बाबांसारखाच आहेस. कमी पडत असतील तर माझी पेन्शन आहे, ठेव आहे. रागावू नकोस हे लिहिलं म्हणून. मला तू भित्रा किंवा गरीब व्हायला नको आहेस. तू ज्या घरात जमिनीचं बोलायला जाशील, तिथे पुढच्या वर्षी तुला पाणी विचारलं जावं, एवढंच म्हणते. बघ, झालाच उपदेश. माफ कर.

कागद मी वहिनीला समजावून सांगितले. सही करू नको असं म्हटलं नाही, आणि कर असंही नाही. ‘अपरिवर्तनीय’चा अर्थ सांगितला, तेव्हा तिने ते घडी करून पिशवीत ठेवले. नंदा आणि छाया महिना उरकायला पुढच्या शनिवारी येतायत. तूही ये. ऑफिसच्या मुलाला पाठवू नकोस, स्वतः ये. रक्कम आकड्यात आणि अक्षरी लिहून आण, रेडी रेकनरचा सरकारी दर आणि गेल्या दोन वर्षांत शेजारच्या हिश्श्यांचे जे व्यवहार झाले त्यांच्या सूची दोनच्या, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या, नकला आण. चौघांचा हिस्सा मोठ्या अक्षरात लिही, वहिनीला दिसेल असा. घराखालचा नंबर यादीतून काढून आण, नाहीतर तो का आहे ते तिघींना सांग. कागद त्यांच्याकडे ठेवून परत जा. त्यांनी वकील विचारला तर तुमचा देऊ नकोस. नाही म्हणाल्या तर जेवून जा. सोलकढी करते.

सईला जपायला सांग, जड उचलू नको म्हणावं. डॉक्टरांची तारीख कळव.

तुझी,
आई

ता. क. परेशशी मी बोललेले नाही. त्याच्या आईला आणि बहिणींना कलम २२ बद्दल सांगायचंय हे त्याला शनिवारच्या आधी तू कळव, आणि तूच कळव.