सिंहांचं बारसं करणारी पोरं

नैरोबी

ती. बापूकाकांना साष्टांग नमस्कार.

इकडच्या मसाई या पशुपालक जमातीची गुरं आणि सिंह एकाच रानात कसे राहतात, असं तुम्ही विचारलं होतं. दक्षिण केनियातल्या अंबोसेली भागातलं सांगतो.

पूर्वी मसाई तरुण, म्हणजे मोरान, सिंहाला पहिला भाला मारी आणि त्याला मानाचं नवं नाव मिळे. २००७ पासून 'लायन गार्डियन्स' या संस्थेने याच मोरानांना सिंहांच्या राखणीला घेतलं. माग काढण्यात त्यांचा हात कोण धरणार? आता नाव सिंहाला मिळतं, तेही मसाई भाषेतलं, आणि ते वस्तीवस्तीत माहीत होतं. मला या सगळ्यात हेच मोलाचं वाटतं.

सिंह ओळखायचा मिशांवरून. गालावर मिशांच्या मुळाशी ठिपक्यांच्या रांगा असतात. सगळ्यात वरच्या अपुऱ्या रांगेतले ठिपके खालच्या पूर्ण रांगेतल्या कुठल्या ठिपक्यांवर येतात, ते दोन्ही गालांचं टिपून ठेवायचं. ही खूण जन्मभर बदलत नाही.

माग दिसला की जीपीएसवर नोंद. काही सिंहांच्या गळ्यात रेडिओचा पट्टा असतो. त्याचा सिग्नल पकडायला अँटेना घेऊन उंचवट्यावर चढायचं. मग गुराख्यांना निरोप: आज त्या अंगाला गुरं नेऊ नका. शाळेचं तोंड न पाहिलेली पोरं या कामापायी लिहा-वाचायला शिकली.

संध्याकाळी रानात मागे राहिलेलं जनावर सहज सिंहाच्या तोंडी जातं, म्हणून हरवलेली गुरं शोधणंही त्यांच्याकडेच. रात्रीची भिस्त बोमावर, म्हणजे काटेरी फांद्यांच्या कुंपणावर. बुंधा आत, काटे बाहेर. सिंहाचा नुसता वास आला तरी गुरं बिथरतात, आतून कुंपण मोडून अंधारात पळतात आणि तिथे सिंहाच्या तावडीत सापडतात. म्हणून कुंपण आतूनही भक्कम हवं. फांद्या वाळून खाली बसल्या की वर नव्या रचाव्या लागतात. फाटकाकडे तर रोज बघायचं.

गाय मारली गेली की लोक भाले घेऊन निघतात. राखणदार आधी गाठून त्यांना थोपवतो; त्यांच्यातलाच असल्यामुळे त्याचं ऐकतात. विषाचं मात्र अवघड. मेलेल्या गाईत कार्बोफ्युरान हे जहाल कीटकनाशक घातलं की सिंहाबरोबर तरस आणि गिधाडंही जातात, आणि विष घालणारा रात्रीतून एकटाच येऊन गेलेला असतो.

तुमच्या शेळ्यांसाठी एक सांगतो: बिबट्याला असलं कुंपण पुरत नाही, तो वरून उडी घेतो. गोठ्याला वरूनही जाळी ठोकून घ्या, पावसाळ्याआधीच.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
अविनाश