पानाला हात न लावणाऱ्या गाईडदादांस

सारापिकीचे गाईडदादा,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे. स्पॅनिश करून तुमच्या हातात पडेल अशी सोय केली आहे. तरी आधी इथे सगळ्यांसमोर लिहितो आहोत, कारण आपल्याकडची मंडळीही आता मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या, तुमच्या सारापिकीसारख्या जंगलात जाऊ लागली आहेत आणि गाईड कसा असावा हे त्यांना कळलेलं बरं.

आधी त्या हेलिकोनियाच्या (केळीसारख्या रुंद पानांचं झाड) पानाबद्दल, ज्याखाली तुम्ही आम्हाला वटवाघळं दाखवलीत. होंडुरासचं पांढरं वटवाघूळ म्हणजे जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा, पाच-सहा ग्रॅम वजनाचा जीव. कान आणि नाक पिवळंधम्मक, बाकी सगळी पांढरी लव. रानउंबराच्या मुख्यतः एकाच जातीच्या बारीक फळांवर याचं पोट. हेलिकोनियाच्या मोठ्या पानाच्या मधल्या शिरेलगत आडव्या शिरा कुरतडल्या की पानाच्या दोन्ही बाजू खाली पडतात आणि तंबू तयार होतो. त्यात ही मंडळी दिवसभर एकमेकांना बिलगून लटकतात. पानातून झिरपणाऱ्या उजेडात पांढरी लव हिरवट दिसते, म्हणून अगदी जवळून जाणाऱ्यालाही पान रिकामंच वाटतं. ओळखायची खूण तुम्ही दाखवलीत: मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना बारीक भोकांची ओळ, आणि मोडून न पडता सारखं दुमडलेलं पान.

तुम्ही चार पावलं अलीकडे थांबलात. दोन्ही हात पाठीमागे बांधलेत, तसेच पुढे गेलात, चिखलात गुडघे टेकलेत आणि मान वाकडी करून खालून वर बघितलंत. मग बाजूला सरकून एकेकाला त्याच जागी, त्याच पद्धतीने बसवलंत. फ्लॅश नाही, बोलणं नाही, पानाला बोटही नाही. कापसाच्या बोंडांसारख्या त्या घोसात एकाचा कान हलला, दुसऱ्याने डोळे उघडले, आणि तुम्ही तिथेच रांग मोडलीत. दोघांचं बघायचं राहिलं होतं. पैसे भरून आलेल्या पाहुण्यांना तोंडावर ‘आता नाही’ म्हणायला काय लागतं हे पर्यटनाच्या धंद्यातल्या माणसाला विचारावं. ते पाठीमागे बांधलेले हात अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

कारण याआधी दुसऱ्या एका गाईडचा अनुभव वेगळा होता. नाव घेत नाही. त्या गृहस्थांनी काठीने पान वर उचललं, ‘काढा फोटो, पटकन’ म्हणाले, आणि भर दुपारी सगळा घोळका उडाला. एका तंबूतून उठावं लागलं तर दुसरा सापडतोही, पण उजेडात उडालेल्या वटवाघळाला शत्रू पुष्कळ. ओसा द्वीपकल्पातल्या कोर्कोवादोच्या जंगलात छोटी खारमाकडं तंबू करणाऱ्या वटवाघळांवर झडप घालतात आणि माकडांच्या मागोमाग फिरणारी एक छोटी घार सुटलेल्यांना हवेत टिपते, अशी नोंद अभ्यासकांनी केलेली आहे. काठी लावणारा माणूस त्या घारीचंच काम सोपं करत असतो. याच गृहस्थांनी ‘चालणारा ताड’ वर्षाला कित्येक मीटर चालतो असंही ठोकून दिलं होतं. तुम्ही त्या ताडाच्या काटेरी आधारमुळांकडे बोट दाखवून एका वाक्यात निकाल लावलात: नवी मुळं फुटतात, जुनी कुजतात, खोड बी रुजलं तिथेच राहतं.

पानाला हात का लावायचा नाही, हे त्या जंगलात पावलोपावली कळतं, फक्त कुणीतरी दाखवावं लागतं. लाल डोळ्यांचा झाडबेडूक आपली अंडी पाण्यावर झुकलेल्या पानाला चिकटवतो. साप अंडी खायला लागला की आतली पिल्लं मुदतीआधी अंडी फोडून खाली पाण्यात पडतात आणि वाचतात. पानाची थरथर पावसाची की सापाची हे ती अंड्यातूनच ओळखतात. आता फोटोसाठी पान वाकवणाऱ्या हाताची थरथर त्यांनी कुठल्या खात्यात टाकायची? तेच निळ्या पायांच्या त्या लाल, नखाएवढ्या विषारी बेडकाचं. मादी एकेक पिल्लू पाठीवर घेऊन पानांच्या बेचक्यात साचलेल्या चमचाभर पाण्यात सोडते आणि अधूनमधून येऊन त्याला खायला स्वतःची अफलित अंडी देते. आत काय आहे बघायला ते ब्रोमेलियाड (पानांत पाणी साठवणारं, अननसाच्या कुळातलं झुडूप) तिरकं केलं की पाणी सांडलं, खेळ संपला. बेडूक तळहातावर घेऊन फोटो काढणं तर विचारूच नका. हाताला डासांचं औषध असतं, ते त्याच्या कातडीतून आत जातं. प्राण्यांना धरून सेल्फी काढू नका म्हणून कोस्टा रिका सरकारला २०१९ साली मोहीमच काढावी लागली.

बाकी तुम्ही सांगितलेलं, जाणाऱ्यांच्या उपयोगाचं थोडक्यात. सकाळी साडेपाचला वाटेवर असावं, नऊनंतर पाखरं गप्प होतात. आठ बाय बेचाळीसची (आठ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते, त्याहून जास्त पटींची घनदाट जंगलात अंधारी पडते आणि हातात हलते. रात्री एसीत ठेवलेला कॅमेरा बाहेर काढला की काचेवर आतबाहेर वाफ धरते, म्हणून तो बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यावा. रेनकोटात माणूस घामाने भिजतो, छत्री बरी. गुडघ्याखालपर्यंत येणारे रबरी बूट चिखलासाठी आहेतच, शिवाय तेर्सियोपेलोसाठीही. हा घोणसच्या कुळातला जहाल साप पाचोळ्यात पडून राहतो. आणि तोल गेला तरी झाडाला किंवा कठड्याला हात टेकायचा नाही, कारण तिथे ‘बाला’ मुंगी असते. तिचा डंख दिवसभर ठणकतो. हे शेवटचं तुम्ही इतक्यांदा बजावलंत की सह्याद्रीतही हात आपोआप मागे जातो.

स्लॉथबद्दलही (झाडाला उलटा लटकणारा तो संथ प्राणी) एक गैरसमज तुम्ही फेडलात. सगळे सेक्रोपियाच्याच झाडावर बघतात, म्हणून ते तिथेच राहतात असं नव्हे. सेक्रोपियाचा शेंडा उघडा, पानं थोडी, म्हणून तिथे दिसतात इतकंच. दाट लतांच्या गुंत्यात बसलेला कुणाला दिसणार? दोन बोटांचा की तीन बोटांचा हे पुढच्या पायांवरून ठरवायचं. मागच्या पायाला दोघांनाही तीनच बोटं. बोटं दिसली नाहीत तर तोंड बघा: तीनबोट्याच्या डोळ्यांवरून काळी पट्टी, दोनबोट्याचं नाकाड डुकरासारखं पुढे आलेलं. लेझरचा हिरवा ठिपकाही तुम्ही कधी प्राण्यावर टाकला नाहीत. नेहमी खोडावर, त्याच्या बराच खाली, आणि तिथून नजर वर न्यायला सांगितलीत.

कुंपणाकडे बघून मात्र हसू आलं होतं. कोकणात हिरवळीच्या खतासाठी लावलेलं गिरिपुष्प तुमच्याकडे बांधावर खुंट रोवून जिवंत कुंपण करतात, आणि ते मूळचं तुमच्याच बाजूचं. चिकू, पांढरा चाफाही तिकडचेच. सारापिकीत वर्षाला चार मीटर पाऊस. आंबोलीला याहून पुष्कळ जास्त पडतो, पण आमच्याकडे तो चार महिन्यांत सगळा ओतून मोकळा होतो. तुमच्याकडे बारा महिने थोडा थोडा, म्हणून फांदीफांदीवर एवढी ऑर्किडं आणि शेवाळी.

तुमच्या सारापिकीतल्या ला सेल्वाच्या संशोधन केंद्रात १९६८ पासून जगभरचे अभ्यासक येऊन काम करतात. तुमच्याकडे ना पदवीचा बडेजाव, ना आवाज चढवणं. जगात भल्या माणसांचा दुष्काळ आहे असं रोज ऐकतो. दुष्काळ नसतो, ती माणसं आवाज करत नाहीत, एवढंच असावं. रांगेत राहिलेले ते दोघेही तुमच्यावर रागावलेले नाहीत, हे आवर्जून कळवायचं होतं.

तुम्ही बजावल्याप्रमाणे वटवाघळांच्या फोटोंमधली जागा दाखवणारी माहिती काढून टाकली आहे. कुठली वाट, कितवा खांब, हे कुणी विचारलं तरी सांगत नाही. ज्यांना बघायचं आहे त्यांनी सारापिकीत जावं, चांगला गाईड घ्यावा आणि त्याचं पूर्ण मानधन द्यावं, घासाघीस न करता.

आपले,
सह्याद्रीत पानं-पाखरं बघत हिंडणारे काही जण