बाळूच्या कांदा निर्यातीबद्दल आई-बाबांना

बनगाव,
ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर विचारलं, "बाळू म्हणतोय आपणच बांगलादेशला माल पाठवू. तू तिथंच सीमेवर बसलेली, खरं काय ते सांग." एवढं सगळं फोनवर सांगून होत नाही, आणि आईला स्पीकरवरचं निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. बाळूलाही हे वाचायला द्या.

माझं मत आधीच सांगते. सात-बारावर बोजा चढवून पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून भरायची शेड, बांधायचं आणि स्वतःच्या नावावर बांगलादेशला कांदा पाठवायचा, हे आत्ता करू नका. बाळूच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. पण हा धंदा ज्याच्या गाठीला दोन हंगाम बुडाले तरी चालेल एवढा पैसा आहे, त्याचा आहे. आपल्या गाठीला जमीन आहे, आणि ती एकदाच जाते.

बाळू म्हणतो ते गिऱ्हाईक खरं आहे, त्यात वाद नाही. कांद्याशिवाय तिकडचं कालवण होत नाही. कागदावर बघितलं तर त्यांच्याकडं गरजेपुरता कांदा पिकतो. पाबना, फरीदपूर, राजबाडी हे त्यांचे कांद्याचे जिल्हे, आपल्या निफाड-चांदवडसारखे. पण दमट हवेमुळं साठवणीत चौथा हिस्सा तरी सडतो. मार्च-एप्रिलला त्यांचा मुख्य माल निघतो, पावसाळा सरता सरता घरातला संपत येतो आणि नवा यायला डिसेंबर उजाडतो. नेमका त्याच काळात आपला उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत असतो. इजिप्तचा, चीनचा माल समुद्रानं यायला आठवडे लागतात. लासलगावचा ट्रक चार-पाच दिवसांत इथं सीमेवर पेट्रापोलला येऊन उभा राहतो. शिवाय तिकडचा लहान व्यापारीही एक-दोन गाड्या माल घेऊ शकतो, त्याला अख्खी बोट भरावी लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते बंद होते तेव्हा लासलगावहून रेल्वेनं कांदा बांगलादेशात गेला होता, बाबांना आठवत असेल. म्हणजे मागणी आहे, रस्ता आहे, माल आहे.

अडचण दाराची आहे. या दाराला दोन कुलपं आहेत, एकाची किल्ली दिल्लीत, दुसऱ्याची ढाक्यात. दोन्ही एकाच वेळी उघडी सापडतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

दिल्लीचं तुम्ही भोगलेलंच आहे. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यात बंद. त्यानंतर थोड्याच दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा भर सभेत म्हणाल्या होत्या, आधी कळवलं असतंत तर बरं झालं असतं, मी आचाऱ्याला सांगितलंय स्वयंपाकात कांदा घालू नकोस. लोक हसले. पण त्या नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला दोनशे बांगलादेशी टाक्यांच्या वर गेला आणि त्यांना विमानानं कांदा आणावा लागला. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा बंदी. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. ती मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क राहिलंच. सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य झालं. आज आपल्या बाजूनं दार उघडं आहे. हेच बघून बाळूला हुरूप आला आहे.

पण आता तिकडचं कुलूप लागलंय. बांगलादेशात कांदा आणायचा तर तिथल्या आयातदाराला त्यांच्या कृषी खात्याकडून आयात परवाना घ्यावा लागतो, इथं सगळे त्याला आयपी म्हणतात. त्यांचा माल बाजारात असला की हे परवाने थांबतात. या वर्षी तर बराच काळ बंदच होते, ऑगस्टमध्ये भाव चढल्यावर थोडे दिवस दिले आणि पुन्हा थांबवले. मला त्यांचा राग येत नाही, बाबा. पाबनाचा शेतकरीही काढणीच्या वेळी बाहेरचा कांदा येऊ देऊ नका असंच ओरडतो, त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही रस्त्यावर उतरला असतात.

आपण वारंवार दार लावल्याचा एक परिणाम मात्र कायमचा झाला आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. त्यांनी आपल्यावर अवलंबून राहायचं नाही असं ठरवलं. पाकिस्तान, चीन, इजिप्त, म्यानमार इथल्या व्यापाऱ्यांशी संबंध जोडले. साठवणुकीसाठी हवा खेळती ठेवणारी यंत्रं शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली. आणि पावसाळी कांदा वाढावा म्हणून बियाणं वाटलं, ते कुठलं? एन-५३. आपल्या निफाडच्या संशोधन केंद्रावर निघालेलं वाण! ज्या तालुक्यातून कांदा जायचा, तिथल्या वाणानं ते आता स्वतःची गरज भागवायला बघताहेत. पुढं पाच-दहा वर्षं ही बाजारपेठ वाढेल असं बाळूला कुणी सांगितलं असेल, तर मला ते पटत नाही. ती राहील, पण तुटीपुरती.

आता गाडी अडकते म्हणजे काय होतं ते सांगते, कारण बाळूनं मांडलेल्या हिशेबात ते कुठंच नाही. ट्रक आधी बनगावच्या पार्किंगला लागतो. सीमेवर जायचा नंबर ऑनलाइन घ्यावा लागतो. नंबर आला की गाडी सीमेपलीकडं बेनापोलच्या यार्डात जाते, तिथं माल उतरवून त्यांच्या गाडीत भरतात आणि आपली गाडी रिकामी परत येते. सगळं सुरळीत असलं तर ठीक. पण ऑगस्टात परवाने अचानक थांबले तेव्हा येवल्याचा एक ड्रायव्हर भेटला, मराठी ऐकून जवळ आला. त्यानं ताडपत्रीची एक कड वर केली. आत वाफ कोंडलेली. खालच्या थरातल्या जाळीच्या गोण्यांमधून काळसर पाणी ठिबकत होतं, वरच्या कांद्यांना हिरवे कोंब फुटलेले, डबल पत्तीचा, म्हणजे दुहेरी सालीचा, निवडलेला माल पत्ती सुटून बोडका झालेला. वास तर तुम्हाला सांगायला नको, पावसाळ्यात चाळीच्या कोपऱ्यातून येतो तोच. पाठवणाऱ्यानं शेवटी तिथल्याच व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात दिला. भाडं वेगळं, थांबल्याचे रोजचे पैसे वेगळे. एका गाडीत पंचवीस-तीस टन माल असतो, बाबा. आपल्या दोन्ही चाळींचा हिशेब तुम्हीच करा.

आणि माल गेला तरी पैसा येईपर्यंत झोप नाही. तिकडं २०२२ पासून दोन-तीन वर्षं डॉलरची चणचण होती, बँका एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी, उघडायला वेळ लावायच्या. ऑगस्ट २०२४ ला तिथलं सरकार पडलं तेव्हा काही दिवस सीमेवरची वाहतूकच थांबली होती. द्राक्षांचंही असंच. आपली लोकल द्राक्षं तिकडं आवडीनं घेतात, पण २०२२ मध्ये त्यांनी फळांवर जादा शुल्क लावलं आणि विदर्भातल्या संत्र्यांचं तर त्यांनी शुल्क वाढवून वाढवून कंबरडंच मोडलं. द्राक्षं चार दिवस जास्त उभी राहिली की संपलंच, त्यामुळं तो विषय मी बाजूला ठेवते.

मग बाळूनं करायचं काय? नुसतं नको म्हणून गप्प बसणारी मी नाही. तो आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा, नंबर काढू दे, फी पाचशे रुपये आहे. कागद शिकून घेऊ दे, फायटो म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला कसा मिळतो, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी कशी होते. पण माल विकताना आपली जबाबदारी चाळीच्या दारापाशी संपली पाहिजे. गावातल्या शेतकऱ्यांची कंपनी आहेच, तिच्यामार्फत प्रतवारी करून पिंपळगावच्या निर्यातदाराला रोख द्यायचा, पुढची जोखीम त्याची. भाव थोडा कमी पडेल. पण त्याची गाडी सीमेवर अडली तर तो दुसरी दुबईला किंवा मलेशियाला वळवू शकतो, आपण वळवू शकत नाही. कधी काळी थेट पाठवायचंच ठरलं तर एलसी हातात पडल्याशिवाय आणि तिकडचा परवाना डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही गोणी भरायची नाही, आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारा विमा घ्यायचाच.

बाळूला खरोखर याच देशाशी धंदा करायचा असेल, तर महिनाभर उभा राहिला तरी न नासणारा माल बघावा. वसमतच्या मामाची हळद आहे. भारताची हळद घेणाऱ्यांत बांगलादेश मोठा आहे, आणि हळदीला कोंब फुटायची घाई नसते. मामाशी बोलून, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत थोडा माल टाकून सुरुवात करता येईल. जमीन गहाण न टाकता होईल तेवढंच.

जो पैसा पॅकहाऊसमध्ये घालायचं म्हणत होता, त्यातला थोडा चाळीला लावा. मागच्या चाळीची खालची फळी जमिनीला टेकल्यासारखी झालीय, तिथूनच दरवर्षी सड सुरू होते. ती उचलून घेतली आणि बाजूनं हवा मोकळी केली तर जो कांदा वाचेल तो आपला, त्याला कुणाचा परवाना लागत नाही. आता भाव क्विंटलला हजाराच्या आसपास रेंगाळतोय आणि चाळीतलं वजन रोज घटतंय हे मला कळतं. बाबा, सगळा माल धरून बसू नका. काजळी धरलेला आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, आधी काढून टाका, चांगला निवडून अर्धा तरी दिवाळीआधी विका.

बाळू माझ्यावर रागावेल. रागावू दे. दिवाळी झाली की त्याला आठ दिवस इकडं पाठवा, तिकीट मी काढते. पार्किंगमध्ये ड्रायव्हरांशी बोलू दे, एजंटांच्या खोलीत बसू दे, एखाद्या आयातदाराशी मी गाठ घालून देते. त्यानंतरही त्याला करावंसं वाटलं तर आपण चौघं बसून बोलू. तोवर बँकेच्या कुठल्याही कागदावर बाबांनी सही करायची नाही, एवढं माझं ऐका.

आईच्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, पुढच्या आठवड्यात कुरियर करते.

तुमची,
माई