फुगलेल्या बाटल्या आणि माझ्या फ्रिजवर आळ

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मोसंबी ज्यूस आंबल्याबाबत

महोदय,

बेळगावात शहापूरला माझी बेकरी आहे. मुलीच्या साखरपुड्यासाठी ३ मे रोजी खडे बाजारातून आपल्या मोसंबी ज्यूसच्या १२ बाटल्या आणल्या. आठ एका बॅचच्या, चार दुसऱ्या. आणल्या आणल्या बेकरीच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. ९ तारखेला सकाळी बघतो तर पहिल्या बॅचच्या तीन बाटल्या टम्म फुगलेल्या. बूड बाहेर आल्यानं एक तर उभीच राहीना. झाकण फिरवलं तसा फुस्सकन फेस थेट शर्टावर. वास ताडीचा. मुदत संपायला अजून २० दिवस होते आणि पाहुणे यायला दोन तास! शेवटी कोकम सरबतावर भागवलं.

फोनवर आपला माणूस म्हणाला, फ्रिज नीट थंड होत नसेल. थर्मामीटर लावून पाहिला, ४ अंश. बेकरी आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग तुमचंच ईस्ट आत गेलं असेल." सीलबंद बाटलीत?

ईस्ट, म्हणजे पाव फुगवणारं खमीर, मी रोज हाताळतो. थंडीत ते मरत नाही, नुसतं पेंगतं. आंबट-गोड रसात तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतं, साखर खाऊन गॅस सोडतं. मरतं ते उष्णतेनं. लेबलवर 'पाश्चराईज्ड' (तापवून जंतू मारलेलं) छापलंय. म्हणजे एकतर रस नीट तापला नाही, किंवा तापल्यावर भरताना नोझलमधून, झाकणातून, न धुतलेल्या पाइपातून ईस्ट आत शिरलं. वर 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही', तेव्हा त्याला अडवणारंही कोणी नाही. वाटेत गाडीचं कूलिंग बंद असेल तर ते जोमानं वाढलं असेल, पण विरजणच नाही तर दही कुठून लागणार? दुसऱ्या बॅचच्या चारही बाटल्या त्याच कप्प्यात चांगल्या राहिल्या, हेही माझ्या फ्रिजचंच काम का?

कूपन नको. बॅच नंबर सोबतच्या फोटोत आहे. त्या बॅचचा राखलेला नमुना तपासून अहवाल लेखी द्या आणि दुकानांतला माल उचला. थंड ठेवायची सूचना बारीक इंग्रजीत आहे, ती मराठी-कन्नडमध्ये ठळक छापा. खानापूरकडं हेच ज्यूस दुकानाबाहेर उन्हात मांडलेलं पाहिलंय मी.

उरलेल्या दोन फुगलेल्या बाटल्या पिशवीत बांधून ठेवल्यात. १५ दिवसांत कोणी न्यायला आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात घेऊन जाईन, झाकणं तोवर टिकली तर.

आपला,
एक ग्राहक, शहापूर, बेळगाव