उपग्रह शाबूत, मोडेम गारद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिका आणि जपान यांच्या अंतराळ व सायबर सहकार्याची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असते : अंतराळातील हल्ल्यालाही आता सुरक्षा कराराचे पाचवे कलम लागू होऊ शकते. वाक्य खरे आहे. जपानच्या भूमीवर सशस्त्र हल्ला झाला तर दोघांनी मिळून तोंड द्यावे, असे सांगणारे १९६० च्या करारातील हे कलम सायबर हल्ल्यालाही लागू पडू शकते, असे दोन्ही देशांनी एप्रिल २०१९ मध्ये जाहीर केले. अंतराळाची भर जानेवारी २०२३ मध्ये पडली आणि त्याच आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये अंतराळ सहकार्याच्या चौकट करारावर सह्याही झाल्या. मात्र दोन्ही वेळी ‘ठरावीक परिस्थितीत, प्रत्येक प्रकरण तपासून’ अशी पाचर मारलेली आहे. ती असण्यात गैर काही नाही. कोणतेही सरकार युद्धाचा निर्णय आधीच लिहून देणार नाही. अडचण अशी की प्रत्यक्ष हल्ला त्या कलमाच्या कितीतरी खाली, जमिनीवर, एखाद्या जुनाट यंत्राच्या चुकीच्या सेटिंगमधून होतो.

याचा सर्वांत स्वच्छ दाखला युक्रेन युद्धाच्या पहिल्या पहाटेचा आहे. २४ फेब्रुवारी २०२२, जागतिक प्रमाणवेळेनुसार ३ वाजून २ मिनिटे. अमेरिकी व्हायासॅट कंपनीच्या, युरोपला इंटरनेट पुरवणाऱ्या का-सॅट उपग्रहाच्या जाळ्यात युक्रेनमधल्याच काही मोडेममधून (ग्राहकाकडील जोडणीयंत्रांतून) निरर्थक माहितीचा लोंढा सुरू झाला. सव्वाचारनंतर पाऊण तासात युरोपभरातले हजारो मोडेम जाळ्यातून बाहेर पडले. उपग्रहाला ओरखडाही नव्हता. हल्लेखोर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून सुरक्षित प्रवेश देणाऱ्या, यंत्रातील चुकीच्या मांडणीतून आत शिरले, तिथून मोडेम सांभाळणाऱ्या व्यवस्थापन विभागात पोहोचले आणि तिथून त्यांनी मोडेमना वैध आज्ञाच दिल्या. त्या आज्ञांनी मोडेमच्या कायम साठवणीतील (फ्लॅश मेमरीतील) मजकुरावर दुसराच मजकूर लिहिला आणि मोडेम जाळ्याला जोडला जाईना. कंपनीला वितरकांकडे सुमारे ३० हजार नवे मोडेम पाठवावे लागले. जर्मनीत एनरकॉन कंपनीच्या ५,८०० पवनचक्क्यांवरची दूरस्थ देखरेख गेली. चक्क्या फिरत होत्या, पण नियंत्रण कक्षाला त्या दिसत नव्हत्या.

या घटनेतल्या दोन गोष्टींकडे मित्रराष्ट्रांनी बारकाईने पाहायला हवे. पहिली, त्या जाळ्याची मालकी एका कंपनीकडे होती, तर हल्ला झालेला भाग हस्तांतरणाच्या काळात दुसरीच कंपनी चालवत होती. मालक एक, चालक दुसरा, अशा सांध्यावरच भगदाड पडते आणि दोन देशांची प्रत्येक संयुक्त यंत्रणा मुळात असा सांधाच असते. दुसरी, हल्ल्यामागे रशिया आहे असे युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिका यांनी जाहीर केले ते १० मे रोजी, म्हणजे ७५ दिवसांनी. तपास इतका लांबत असेल, तर पाचव्या कलमाचा धाक त्या पहाटेच्या पाऊण तासात कितीसा उपयोगी?

जपानचा स्वतःचा अनुभवही याच वाटेचा आहे. जाक्सा या जपानी अंतराळ संस्थेच्या जाळ्यात २०२३ मध्ये घुसखोरी झाल्याचे त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उघड झाले. जुलै २०२४ मध्ये संस्थेने तपशील दिला : व्हीपीएन यंत्रातील त्रुटीचा फायदा घेऊन प्रवेश, मग अंतर्गत सर्व्हर, तिथून चोरलेली खाती आणि त्या खात्यांवरून थेट मायक्रोसॉफ्ट ३६५ ही ईमेल व फायलींची ऑनलाइन सेवा. बाहेरच्या संस्थांशी मिळून केलेल्या कामाची काही माहितीही त्यात गेली. रॉकेट आणि उपग्रह चालवण्याची संवेदनशील माहिती त्यात नव्हती, असे संस्थेने सांगितले. ते मान्य केले तरी सहकारी देशाच्या दृष्टीने ‘बाहेरच्या संस्थांची माहिती’ हाच कळीचा शब्दप्रयोग आहे.

आता यजमान उपग्रहावर पाहुण्याचे उपकरण बसवण्याच्या योजनेविषयी. जपानच्या मिचिबिकी या दिशादर्शन उपग्रहांच्या मालिकेतील सहाव्या उपग्रहावर अमेरिकेचे, अंतराळातील हालचाली टिपणारे उपकरण आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी तानेगाशिमाहून एच-३ रॉकेटने तो उपग्रह गेला. तसेच दुसरे उपकरण सातव्या उपग्रहासोबत पाठवण्याचे ठरले. स्वतंत्र उपग्रहाचा खर्च वाचतो, ही योजनेची जमेची बाजू. पण पाहुण्याचे वेळापत्रक यजमानाच्या रॉकेटला बांधले जाते. २२ डिसेंबर २०२५ रोजी एच-३ चे उड्डाण फसले आणि पाचवा मिचिबिकी हातचा गेला. त्यावर अमेरिकी उपकरण नव्हते, पण अशा अपयशाची चौकशी पुरी होईपर्यंत पुढची उड्डाणे थांबतात. कक्षेत पोहोचल्यावरही प्रश्न संपत नाहीत. उपग्रहात बिघाड होऊन तो सुरक्षित अवस्थेत गेला की वीज वाचवायला सर्वसाधारणपणे आधी पाहुण्याचे उपकरण बंद होते. ते पुन्हा कोणी सुरू करायचे, त्याआधी आज्ञांच्या संकेतकिल्ल्या (आज्ञा खरी असल्याचे पटवणारे गुप्त संकेत) बदलायच्या का, आणि उपकरण बंद होण्यामागे बिघाड आहे की घुसखोरी, हे ठरवणारा माणूस कोणत्या देशाचा? हे एका पानात लिहिता येते. ते उड्डाणाआधी लिहून ठेवायचे असते.

माहितीची देवाणघेवाण हा तर सर्वांत कंटाळवाणा आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित भाग. एक साधे उदाहरण घ्या. जीपीएसची वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांत २०१७ पासून १८ सेकंदांचा फरक आहे. भूस्थिर कक्षेतला (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारा) उपग्रह सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर वेगाने जातो. एका देशाच्या फाइलमध्ये एक वेळ आणि दुसऱ्याच्या संगणकात दुसरी गृहीत धरली, तर उपग्रह असायला हवा त्यापासून ५५ किलोमीटर दूर दिसतो. खालच्या कक्षेत, साडेसात किलोमीटरच्या वेगाला, हीच चूक १३५ किलोमीटरवर जाते. धडकेचा इशारा द्यायचा तो दिला जात नाही किंवा नको तिथे इंधन जाळले जाते. सायबर तपासातही हेच. जपानी सर्व्हरच्या नोंदी नऊ तास पुढच्या स्थानिक वेळेत आणि अमेरिकी नोंदी प्रमाणवेळेत असल्या की घुसखोर आत शिरण्याआधीच बाहेर पडल्याचे दिसते! सगळ्या नोंदी प्रमाणवेळेतच ठेवायच्या आणि प्रत्येक कक्षा-माहितीसोबत तिच्यातील अपेक्षित चुकीची मर्यादा द्यायची, एवढा नियम पाळला तरी निम्मी डोकेदुखी जाते. नुसता ‘उपग्रह इथे आहे’ हा आकडा, चूक किती ते न सांगता, निर्णयाला निरुपयोगी असतो.

गोपनीयतेची अडचण मात्र खरी आहे आणि तिथे जपानने दमदार पावले टाकली आहेत. खासगी कंपन्यांतील माणसांची पार्श्वभूमी तपासून त्यांना महत्त्वाची गोपनीय आर्थिक सुरक्षा माहिती देता यावी, असा कायदा मे २०२४ मध्ये मंजूर झाला आणि वर्षभराने लागू झाला. याआधी इशारा मंत्रालयापर्यंत यायचा, पण उपग्रहाशी संपर्क ठेवणारे भूस्थानक चालवणाऱ्या अभियंत्याला तो दाखवण्याची सोयच तोकडी होती. मे २०२५ मध्ये सक्रिय सायबर संरक्षणाचा, म्हणजे हल्ल्याचा आधीच माग काढून तो रोखण्याचा, कायदाही आला. संदेशांच्या गुप्ततेची हमी तिथे राज्यघटनेतच आहे. म्हणून मजकूर न वाचता पत्ते, आज्ञा अशी यंत्रविषयक माहितीच तपासायची आणि देशांतर्गत संदेशांना हात लावायचा नाही, अशी कुंपणे त्यात घातली आहेत. आमच्या मते ही कुंपणे योग्यच आहेत. पण देशातच भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरून आलेला घुसखोर मग कसा दिसणार, याचे उत्तर कंपन्यांच्या स्वतःच्या नोंदींतूनच मिळवावे लागेल.

एक विषय बातम्यांत जवळपास येतच नाही. मिचिबिकी उपग्रह २०२४ पासून डिजिटल स्वाक्षऱ्या (संदेश अस्सल असल्याची गणिती खूण) प्रसारित करतात, त्याही केवळ स्वतःच्या नव्हे तर अमेरिकेच्या जीपीएस संदेशांसाठीसुद्धा. नक्कल करून पाठवलेला खोटा दिशादर्शन संदेश त्यामुळे ओळखता येतो. दोन मित्रांमधले याहून ठोस सहकार्य शोधून सापडणार नाही. त्यालाही मर्यादा आहे : खरा संदेश पकडून तो जरा उशिराने पुन्हा प्रसारित केला तर स्वाक्षरी बरोबरच जुळते आणि जागा मात्र चुकते. म्हणून रिसीव्हरमध्ये स्वतंत्र घड्याळाशी पडताळणी लागतेच. पुढचे संकट आकाराचे आहे. आज प्रचलित असलेली लंबवर्तुळी वक्रावर आधारित स्वाक्षरी ६४ बाइटची असते. क्वांटम संगणकापुढे टिकाव धरण्यासाठी अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये जी मानके ठरवली, त्यांतील एमएल-डीएसए ही स्वाक्षरी सर्वांत लहान रूपातही २,४२० बाइटची आहे. जीपीएसच्या जुन्या दिशादर्शन संदेशाचा वेग सेकंदाला ५० बिट. पहिली स्वाक्षरी दहा सेकंदांत जाते, दुसरीला साडेसहा मिनिटे लागतील, तीही दुसरे काहीच न पाठवता. उपग्रह पंधरा वर्षे चालायचा असतो, त्यामुळे हे गणित आत्ताच दोघांनी मिळून सोडवायला हवे.

संयुक्त कराराला एक तांत्रिक जोडपत्र असावे, असे आम्हाला वाटते. व्यवस्थापनाचे जाळे ग्राहकांच्या जाळ्यापासून पूर्ण तोडलेले हवे. एकाच वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त मोडेमना बदलाची आज्ञा द्यायची तर दोन व्यक्तींची मंजुरी सक्तीची हवी. का-सॅटला ही एकच अट पुरली असती, निदान नुकसान शेकड्यात राहिले असते. मोडेममध्ये पुसता न येणारी मूळ फर्मवेअरची (यंत्र चालवणाऱ्या आज्ञावलीची) प्रत हवी, म्हणजे पार्सलने नवा मोडेम पाठवायची वेळ येणार नाही. बाहेरून दिसणाऱ्या व्हीपीएन यंत्राची गंभीर त्रुटी जाहीर झाल्यावर पॅच (दुरुस्तीची आज्ञावली) किती तासांत लावायचा, हे आकड्यात लिहावे आणि तो लावता येत नसेल तर यंत्र बंद करायचा अधिकार पाळीवरच्या अभियंत्याला असावा, कारण पहाटे सव्वाचारला वरिष्ठ फोन उचलत नाहीत. आणि सराव करायचाच तर दोन्ही देशांनी मिळून एका रात्री, कोणालाही आगाऊ न सांगता, एका भूस्थानकाच्या सर्व संकेतकिल्ल्या बदलून पाहाव्यात. किती वेळ लागला तो आकडा पुढच्या मंत्रिस्तरीय बैठकीच्या टिपणात पहिल्या ओळीत यावा.

आपले,
उपग्रह भूस्थानक व जाळे-सुरक्षा क्षेत्रातील काही वाचक