पाच खिडक्या

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. आईचा गुडघा तसाच, बाकी बरं. हे घरात सांगून कुणाला कळायचं नाही म्हणून तुला लिहितोय: आमच्या कस्टमर केअरमध्ये आता एकेकाला एका वेळी ग्राहकांचे पाच चॅट देणार आहेत.

तीनपर्यंत जमतं. एक जण ऑर्डर नंबर शोधतो, दुसरा फाटक्या चादरीचा फोटो चढवतो, तेवढ्यात तिसऱ्याला उत्तर देता येतं. त्यापुढे माणूस वाचणंच सोडतो आणि तयार उत्तर चिकटवतो: '५ ते ७ दिवसांत रिफंड मिळेल.'

अरे, पण रिफंड आहे कुठे? यूपीआयने पैसे कापले आणि ऑर्डरच पडली नाही, तर तो फसलेला व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानाला भरलेले असे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, पुढे रोज १०० रुपये भरपाई. ग्राहकाकडून १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या यूपीआय व्यवहाराचा नंबर, घ्यायचा आणि तोच घेऊन बँकेकडे तक्रार कर म्हणायचं. ऑर्डर रद्द होऊन कार्डावर रिफंड निघाला असेल तर उलटं: २३ आकडी एआरएन, म्हणजे कार्डाच्या रिफंडचा नंबर, आपण काढून द्यायचा, त्यावरून त्याची बँक शोधते. 'ऑर्डर नंबर आला का?' एवढं विचारून मिनिटभर थांबलं की दोन्ही वेगळे होतात. ते मिनिटच पाच खिडक्यांत उरत नाही.

तू म्हणशील, तयार उत्तरं नकोतच. यावरून पार्क चौकात भांडताना तू माझी भजीही संपवलीस! मी अजून म्हणतो, हवीत. पण पहिली ओळ हाताने लिहावी, त्यात नाव, वस्तू, तारीख यावी. आणि चिकटवण्याआधी खिडकीवरचं नाव वाचावं, नाहीतर एकीचा पत्ता दुसरीला जातो.

नवी पोरं हुशार आहेत रे. तेलुगू, कन्नड सहज बोलतात, चिडलेल्या माणसाला शांत करतात. पण मोजतात फक्त बंद केलेले चॅट, मग ती पटापट बंद करतात. शिफ्ट संपताना काय विचारलं, काय सांगितलं, पुढे कोण काय करणार, ही नोंदही करायची राहून जाते. दुसऱ्या दिवशी ग्राहकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. त्याने चिडू नये तर काय करावं?

घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार. गड्ड्याच्या जत्रेला या दोघं.

ऑर्डर नंबर जुळवून परत आलेले चॅट मोजायची तुझी शीट मंगळवारच्या आत पाठव. मीटिंगमध्ये तीच पुढे ठेवणार आहे.

तुझा,
महेश